प्रवाळाच्या टाकीतलं पाणी कशाने बिघडतं आणि कसं राखायचं

एप्रिल २०२४ मध्ये अमेरिकेच्या नोआ या संस्थेने जगभर प्रवाळ पांढरी पडण्याची चौथी मोठी लाट आल्याचं जाहीर केलं. पुढच्याच महिन्यात कोचीच्या केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने लक्षद्वीपची प्रवाळंही मोठ्या प्रमाणात पांढरी पडल्याचं सांगितलं. तेव्हापासून आमच्या बडोद्यात ज्यांच्या घरी खाऱ्या पाण्याची टाकी आहे, त्यांना पाहुणे दोन प्रश्न हमखास विचारतात. समुद्रात जी तग धरत नाहीत ती तुमच्या काचेच्या पेटीत कशी जगतात? आणि खारं पाणीच ना, नळाच्या पाण्यात मीठ टाकलं की झालं, एवढा खटाटोप कशाला?

मी शाळेत रसायनशास्त्र शिकवते, आणि घरी दोनशे लिटरची टाकी आहे. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर नीट दिलं की पहिल्याचं आपोआप कळतं, असा माझा अनुभव आहे. त्यासाठी दहावीपर्यंतचं रसायनशास्त्र पुरतं.

प्रवाळ हा प्राणी आहे

दुकानात प्रवाळ पाहिलं की झाड वाटतं, हातात सांगाडा घेतला की दगड वाटतो. प्रत्यक्षात ती प्राण्यांची वसाहत असते. प्रत्येक बारीक प्राण्याला एक तोंड, भोवती मऊ स्पर्शिका, आणि पेशींच्या आत राहणारं सूक्ष्म शैवाल. हे शैवाल उजेडात अन्न तयार करतं आणि त्यातला मोठा वाटा प्राण्याला देतं. बदल्यात त्याला निवारा मिळतो, आणि प्राण्याच्या शरीरातून बाहेर पडणारा नायट्रोजन खत म्हणून मिळतो. प्रवाळाचा रंगही बराचसा या शैवालाचाच. पाणी जास्त दिवस तापलं की प्राणी शैवालाला बाहेर टाकतो आणि आतला पांढरा सांगाडा दिसू लागतो. बातम्यांमधलं 'पांढरं पडणं' ते हेच.

सांगाडा कॅल्शियम कार्बोनेटचा असतो. शंख, शिंपले, संगमरवर यांचंही द्रव्य तेच. प्रवाळ त्यासाठी लागणारा सगळा माल भोवतालच्या पाण्यातून उचलतं. पुढे जे काही येणार आहे ते या एका गोष्टीतून निघतं: हा पाण्यातून दगड घडवणारा प्राणी आहे, आणि बंद टाकीत पाणी मोजकंच असतं.

मग मीठ टाकलं की का भागत नाही?

समुद्राच्या एक किलो पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात. एचएमएस चॅलेंजर हे ब्रिटिश जहाज १८७२ ते १८७६ या काळात जगभरच्या समुद्रांत फिरलं. त्याने आणलेल्या पाण्याच्या ७७ नमुन्यांचं विल्यम डिटमार या रसायनशास्त्रज्ञाने पृथक्करण केलं आणि १८८४ मध्ये निष्कर्ष छापले. खारटपणा कुठे कमी, कुठे जास्त असतो, पण मुख्य क्षारांचं एकमेकांशी असलेलं प्रमाण जवळजवळ सगळीकडे तेच असतं, असं त्यात दिसलं. त्या ३५ ग्रॅममध्ये क्लोराइड १९ ग्रॅमच्या वर, सोडियम पावणेअकराच्या आसपास, मग सल्फेट, मॅग्नेशियम सुमारे १.३ ग्रॅम, आणि कॅल्शियम व पोटॅशियम प्रत्येकी ०.४ ग्रॅमच्या आसपास. हे प्रमाण ठरलेलं आहे म्हणूनच आज समुद्रापासून दूर बसून कृत्रिम समुद्रमीठ बनवता येतं. हे माहीत नसतं तर बडोद्यात प्रवाळ पाळण्याचा विचारही करता आला नसता.

स्वयंपाकाचं मीठ म्हणजे जवळजवळ निव्वळ सोडियम क्लोराइड. 'मग जाडं मीठ घ्या, ते तर समुद्राचंच' असं बरेच जण सुचवतात. भारतातलं तीन-चतुर्थांशाहून जास्त मीठ गुजरातमध्ये पिकतं, तेव्हा सूचना साहजिक आहे. पण मिठागरात काय घडतं ते बघा. पाणी आटू लागलं की सगळ्यात आधी कॅल्शियम कार्बोनेट खाली बसतं, त्यानंतर जिप्सम, आणि मग कुठे मीठ. मीठ गोळा केल्यावर मागे जे कडू पाणी उरतं त्यात मॅग्नेशियम निघून जातं. प्रवाळाला ज्यांची खरी गरज तेच दोन पदार्थ मिठाच्या आधी आणि मिठाच्या नंतर वेगळे झालेले असतात. जाडं मीठ घालून पाणी खारट होईल, आणि त्यात प्रवाळ काही दिवसांत मरेल.

दुसरी सूचना समुद्राचं पाणीच आणायची. कावी-कंबोईला स्तंभेश्वराच्या दर्शनाला जाणारे कितीतरी बडोदेकर आहेत, चार कॅन भरून आणायला काय हरकत आहे? तिथे उभं राहिलं की उत्तर दिसतं. पाणी चहाच्या रंगाचं असतं. खंभातच्या आखातात साबरमती, मही, नर्मदा, तापी आपला गाळ आणून ओततात, भरती-ओहोटीतला फरक देशात सर्वांत जास्त तिथेच, त्यामुळे गाळ कधी खाली बसतच नाही. शिवाय नद्यांमधून आलेल्या गोड्या पाण्याने खारटपणा कमी-जास्त होत राहतो, आणि काठावरच्या कारखान्यांचं सांडपाणीही त्यात मिसळतं. ते पाणी टाकीच्या कामाचं नाही.

नळाचं पाणी चालेल का?

आपल्याकडे आजवा तलावाचं पाणी येतं, मही नदीच्या पात्रातल्या फ्रेंच वेलचं, म्हणजे वाळूतून झिरपलेलं पाणी गोळा करणाऱ्या विहिरींचं येतं, नव्या सोसायट्यांमध्ये बोअरचं येतं. पिण्याला उत्तम असलं तरी त्यात क्लोरीन असतं, सिलिकेट असतं, नायट्रेट असू शकतं, आणि जुन्या पितळी-तांब्याच्या जोडण्यांमधून तांब्याचा अंश येतो. आपल्याला ज्याचा पत्ताही लागत नाही एवढं तांबं प्रवाळाला आणि कोळंबीला मारायला पुरतं. सिलिकेटमुळे काचेवर, वाळूवर तपकिरी साय धरते.

स्वयंपाकघरातला आरओ इथे अर्ध्या वाटेवर थांबतो. चव राहावी म्हणून अशा बहुतेक यंत्रांत थोडं मूळ पाणी परत मिसळलेलं असतं किंवा खनिजांची नळी बसवलेली असते. टीडीएस मीटर, म्हणजे पाण्यात एकूण किती विरघळलंय ते दाखवणारं यंत्र, त्या पाण्यात धरलं तर पन्नास, शंभर असे आकडे दिसतात. आपल्याला शून्य हवा. त्यासाठी आरओच्या पुढे आयन पकडणाऱ्या रेझिनची नळी लावायची. मीटर शून्यावरून हलायला लागला की रेझिन बदलायची वेळ झाली. बाहेर जाणारं पाणी मात्र बादलीत धरावं, फरशी पुसायला आणि संडासात टाकायला ते चांगलं असतं.

कमी झालेलं पाणी भरताना

पाणी उडून जातं, मीठ उडत नाही. म्हणून रोजची भर बिनमिठाच्या शुद्ध पाण्याची घालायची, खाऱ्या पाण्याची कधीच नाही. दोनशे लिटरच्या टाकीतून चार लिटर उडालं की ३५ चा खारटपणा ३५.७ होतो. दोन दिवस विसरलं तर ३६.५ च्या आसपास. प्रवाळ ३४ मध्येही राहतं, ३६ मध्येही राहतं, पण आज इथे, उद्या तिथे हे त्याला झेपत नाही. पातळी घटली की आपोआप पाणी सोडणारा सेन्सर मिळतो. पैसे कशावर आधी घालायचे असं विचाराल तर भारी दिव्याच्याही आधी मी हा सेन्सर सांगेन.

खारटपणा मोजायचा तो रिफ्रॅक्टोमीटरने, म्हणजे पाण्यात प्रकाश किती वाकतो त्यावरून खारटपणा दाखवणाऱ्या यंत्राने, आणि त्याचा काटा साध्या पाण्यावर जुळवून थांबायचं नाही. ३५ चं प्रमाणित द्रावण मिळतं, त्यावर जुळवायचा.

सुरुवातीचे आठवडे

माशांच्या विष्ठेतून आणि उरलेल्या अन्नातून अमोनिया निघतो. एका जातीचे जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, दुसऱ्या जातीचे त्याचं नायट्रेट. हे जिवाणू खडकांवर वसायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. समुद्री पाण्याचा पीएच जास्त असल्याने तिथे अमोनियाचं विषारी रूप गोड्या पाण्यापेक्षा कित्येक पटींनी जास्त असतं. त्यामुळे रविवारी टाकी आणली आणि पुढच्या रविवारी प्रवाळ सोडलं, असं चालत नाही. अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य येईपर्यंत थांबायचं, बाकी करण्यासारखं काही नसतं.

खरा हिशेब: कॅल्शियम, अल्कलिनिटी, मॅग्नेशियम

इथे जरा सावकाश जाऊ, कारण बहुतेक टाक्या इथेच बिघडतात.

कॅल्शियम समजायला सोपं: समुद्रात लिटरला सुमारे ४१० ते ४२० मिलिग्रॅम. अल्कलिनिटी म्हणजे पाण्यात आम्ल आलं तर ते निष्प्रभ करण्याची पाण्याची ताकद. समुद्राच्या पाण्यात ही ताकद मुख्यतः बायकार्बोनेट आणि कार्बोनेट या आयनांकडून येते, आणि सांगाडा बांधायला लागतो तो दुसरा माल नेमका हाच. म्हणून अल्कलिनिटी मोजली की त्या मालाचा साठा कळतो. ती डीकेएच या जर्मन मापात मोजतात. समुद्रात ७ च्या आसपास असते, टाकीत ७ ते ९ ठेवतात.

आता दोन्ही साठे शेजारी ठेवून बघा. प्रवाळ दोन्ही वस्तू ठरलेल्या प्रमाणात उचलतं, कारण कॅल्शियम कार्बोनेटचं सूत्रच ठरलेलं आहे. अल्कलिनिटी १ डीकेएच घटली की कॅल्शियम सुमारे ७ मिलिग्रॅम घटतं. समजा प्रवाळांनी भरलेली टाकी आहे, रोज १ डीकेएच खर्च होतो, आणि घरचे सगळे पाच दिवस पुण्याला लग्नाला गेले. निघताना अल्कलिनिटी ८, कॅल्शियम ४२०. परत येईपर्यंत कॅल्शियम ३८५, म्हणजे ठीकच. अल्कलिनिटी मात्र हिशेबाने ३. प्रत्यक्षात एवढी खाली जायच्या आधीच प्रवाळाची वाढ मंदावते आणि बुडापासून मांस सुटायला लागतं. कॅल्शियमची कोठी मोठी आहे, अल्कलिनिटीची लहान. म्हणून कॅल्शियम आठवड्याने मोजलं तरी चालतं, अल्कलिनिटी भरलेल्या टाकीत रोज किंवा एक दिवसाआड बघावी लागते.

रोज १ डीकेएच हा आकडा किरकोळ वाटतो. दोनशे लिटरच्या टाकीत त्याचा अर्थ रोज साडेतीन ग्रॅम दगड बनला असा होतो, महिन्याला शंभर ग्रॅमच्या वर. मऊ प्राण्याने पाण्यातून ओंजळभर दगड काढलेला असतो.

मोजणं कठीण नाही. सिरिंजने टाकीतलं पाच मिलिलिटर पाणी काचेच्या नळीत घ्यायचं. त्यात चाचणीच्या बाटलीतल्या द्रावणाचा पहिला थेंब टाकला की ते निळं होतं. थेंब टाकायचा, नळी हलवायची, पुढचा थेंब. सहा, सात, अजून निळंच. आठव्या थेंबाला निळा रंग क्षणभर हिरवट होतो आणि हलवताच स्वच्छ पिवळा. म्हणजे ८ डीकेएच. थेंबात आम्ल असतं, सोबत रंग बदलणारं द्रव्य. पाण्याची आम्ल पचवण्याची ताकद संपली की रंग पालटतो, म्हणजे व्याख्याच डोळ्यांसमोर घडते. अर्ध्या अंशापर्यंत अचूक हवं असेल तर दहा मिलिलिटर पाणी घेऊन थेंबांची संख्या अर्धी करायची. माझ्या विद्यार्थ्यांना आम्ल-आम्लारी अनुमापन शिकवताना मी पूर्वी प्रयोगशाळेतले ब्युरेट काढायचे, आता ही नळी नेते.

तिसरा घटक मॅग्नेशियम, लिटरला सुमारे १३०० मिलिग्रॅम. प्रवाळ ते फारसं वापरत नाही, तरी ते लागतं. उष्ण समुद्राच्या पृष्ठभागावरचं पाणी संपृक्ततेच्या पलीकडे गेलेलं असतं, म्हणजे नियमाने जेवढं कॅल्शियम कार्बोनेट विरघळून राहावं त्याच्या तीन-चार पट त्यात असतं. मग ते खाली का बसत नाही? गुलाबजामच्या पाकात आपण लिंबू पिळतो ते आठवा. पाकात साखर मावते त्याहून जास्त असते, आणि लिंबू नसेल तर रात्रीत भांड्याच्या कडेला खडे धरतात. लिंबामुळे थोड्या साखरेचं रूप बदलतं आणि तिचे कण खड्यांच्या वाढीत आडवे येतात. मॅग्नेशियम तेच करतं: कॅल्शियम कार्बोनेटचा कण तयार व्हायला लागला की त्याच्या पृष्ठभागावर जाऊन बसतं आणि वाढ थांबवतं. मॅग्नेशियम १२०० च्या खाली गेलं की हीटरवर, पंपाच्या पात्यांवर पांढरा कठीण थर दिसू लागतो. कॅल्शियम घाला, सोडा घाला, आकडे वर येत नाहीत, कारण घातलेला माल प्रवाळापर्यंत न जाता तिथे चिकटतो. 'कितीही घातलं तरी अल्कलिनिटी टिकत नाही' अशी तक्रार आली की मी आधी मॅग्नेशियम मोजायला सांगते.

भर कशी घालायची

लहान टाकीत, कमी खर्च असेल तर दर आठवड्याला दहा टक्के पाणी बदललं तरी पुरतं. खर्च वाढला की दोन रस्ते आपल्या ओळखीचे आहेत.

पहिला चुन्याच्या निवळीचा. शाळेत नळीने फुंकर मारून जी दुधाळ करायचो, तीच. एक लिटर शुद्ध पाण्यात साधारण दीड ग्रॅम कॅल्शियम हायड्रॉक्साइड विरघळतं, बाकीचं तळाशी बसतं, वरचं निवळ पाणी वापरायचं. कॅल्शियम आणि अल्कलिनिटी नेमकी सांगाड्याच्याच प्रमाणात मिळतात, हे तिचं मोठेपण. दोनशे लिटरच्या टाकीत एक लिटर निवळी घातली की अल्कलिनिटी अर्ध्या डीकेएचहून थोडी जास्त वाढते आणि कॅल्शियम ४ मिलिग्रॅम. उडालेल्या पाण्याच्या जागी हीच निवळी घालता येते, दोन्ही कामं एकदम होतात. पण तिचा पीएच १२ च्या वर असतो. ती थेंबथेंब, शक्यतो रात्री सोडायची. एकदम ओतली तर टाकी पांढरी होते आणि आतले जीव भाजतात. हवेतला कार्बन डायऑक्साइड लागून वर पापुद्रा येतो, म्हणून भांडं झाकून ठेवायचं. पानाला लावायचा चुना यासाठी वापरू नये, त्याच्या शुद्धतेची खात्री नसते. डोळ्यांत जाणार नाही, मुलांच्या हाती लागणार नाही, एवढी काळजी घ्यावीच.

दुसरा रस्ता दोन बाटल्यांचा: एकीत कॅल्शियम क्लोराइड, दुसरीत खाण्याचा सोडा. शंभर लिटर पाण्याची अल्कलिनिटी १ डीकेएच वाढवायला ३ ग्रॅम खाण्याचा सोडा लागतो. बेकिंग पावडर किंवा फ्रूट सॉल्ट मात्र नको, त्यात आम्लही असतं. दोन्ही द्रावणं एका जागी, एका वेळी ओतायची नाहीत, नाहीतर टाकीतच खडू तयार होतो.

आणि आकडा खाली सापडला म्हणून एका दिवसात वर आणायचा नाही. दिवसाला एक डीकेएचच्या वर चढवू नये. समजा साडेसहा आलं, तर दोन-तीन दिवसांत साडेसातला न्यावं. नऊची हाव धरू नये. ७.५ वर महिनाभर स्थिर असलेली टाकी मला ७ आणि १० च्या मध्ये झोके घेणाऱ्या टाकीपेक्षा कितीतरी निरोगी दिसते.

पीएचच्या मागे का लागू नये

पीएच ८.१ ते ८.३ हवा असं सगळीकडे लिहिलेलं असतं, आणि ७.९ दिसला की लोक बाटली उघडतात. आधी कारण बघावं. दिव्यात शैवाल कार्बन डायऑक्साइड शोषतं, पीएच चढतो. रात्री सगळेच श्वसन करतात, पीएच उतरतो. दिवस-रात्रीत ०.२, ०.३ चा फरक स्वाभाविक आहे.

दुसरं कारण खोलीतली हवा. बाहेरच्या हवेत कार्बन डायऑक्साइड दहा लाखांत ४२० च्या वर आहे. खिडक्या बंद, एसी चालू, माणसं भरलेली अशा खोलीत तो हजारच्या पुढे सहज जातो, पाण्यात विरघळतो आणि कार्बोनिक आम्ल बनतं. गणपतीच्या दिवसांत दिवाणखाना पाहुण्यांनी भरलेला असतो, तेव्हा मीटरवर हे स्पष्ट दिसतं. सोडा ओतून हा पीएच टिकत नाही, उलट अल्कलिनिटी नको तेवढी चढते. उपाय खिडकी उघडण्याचा. तेही जमत नसेल तर स्किमरची, म्हणजे बुडबुड्यांना चिकटलेली सेंद्रिय घाण फेसासोबत बाहेर काढणाऱ्या यंत्राची, हवा घेणारी नळी खिडकीबाहेर न्यायची.

पाणी जास्त स्वच्छ झालं तर?

नायट्रेट आणि फॉस्फेट शून्यावर आणायचा ध्यास पुष्कळांना असतो. फॉस्फेट वाढलं की सांगाड्याच्या स्फटिकांची वाढ अडते आणि हिरवं शेवाळ माजतं, हे खरं. पण प्रवाळातल्या शैवालालाही थोडं नायट्रोजन, थोडं फॉस्फरस लागतंच. दोन्ही शून्य झाली की रंग फिके पडतात, आणि डायनोफ्लॅजेलेट नावाचे एकपेशीय जीव तपकिरी चिकट जाळी पसरवतात, जी काढता काढता नाकी नऊ येतात. लिटरला नायट्रेट २ ते १०, फॉस्फेट ०.०३ ते ०.१ मिलिग्रॅम एवढं राहू द्यावं. अन्न फार कमी आणि अल्कलिनिटी ९-१० अशी जोडी सगळ्यात वाईट, फांद्यांची टोकं जळाल्यासारखी पांढरी होतात. गोठवलेलं खाद्य गाळणीत धुऊन घातलं तरी फॉस्फेटचा बराच प्रश्न सुटतो.

बडोद्याचा उन्हाळा

टाकीला २५ ते २६ अंश हवेत, आणि मे महिन्यात बाहेर ४२ असतात. पाण्यावर पंखा सोडला की बाष्पीभवनाने दोन-तीन अंश उतरतात, पण तेव्हा भर दुप्पट घालावी लागते. जुलैपासून हवा दमट झाली की पंखा निरुपयोगी ठरतो, आणि नवखे लोक तिथेच फसतात: मे निभावला म्हणून निर्धास्त होतात आणि जुलैत पाणी ३० ला पोचतं. बरीच प्रवाळं असतील तर चिलर लागतो. तो खोलीत गरम हवा सोडतो, म्हणून बंद कपाटात ठेवू नये. वीज गेली तर आधी प्राणवायू संपतो, उष्णतेचा प्रश्न नंतरचा. गरम खाऱ्या पाण्यात प्राणवायू मुळातच कमी मावतो. इन्व्हर्टरवर दुसरं काही नसलं तरी प्रवाहाचा एक पंप असावा, किंवा बॅटरीवर चालणारा हवेचा पंप तरी.

कच्छच्या आखातात तर पाणी गढूळ आणि जास्त खारट, तरी प्रवाळ आहेच की?

हा आक्षेप मला आवडतो, कारण तो बरोबर आहे. तिथे खारटपणा ३५ च्या वर जातो, हिवाळ्यात पाणी चांगलंच थंड होतं, गाळ असतो. तिथे टिकलेल्या जाती ते सोसणाऱ्या आहेत, आणि त्यांचं पाणी ऋतूप्रमाणे हळूहळू बदलतं. टाकीत आपण जे बदल करतो ते तासाभरात होतात. शिवाय दुकानातली नाजूक प्रवाळं बहुतेक इंडोनेशियाकडच्या स्वच्छ, स्थिर पाण्यातल्या जाती असतात. एका जातीची सहनशक्ती दुसरीला लागू पडत नाही.

समुद्राशी याचा संबंध

खोलीतल्या हवेने टाकीचा पीएच उतरतो, तसाच पृथ्वीच्या हवेने समुद्राचा उतरतो. औद्योगिक क्रांतीपासून समुद्राच्या पृष्ठभागाचा पीएच सुमारे ०.१ ने खाली आला आहे. पीएचचं माप लॉगरिदमचं असल्यामुळे हायड्रोजन आयन पाव हिश्शाहून जास्त वाढले असा त्याचा अर्थ. ते कार्बोनेटला धरून बायकार्बोनेट बनवतात आणि प्रवाळाला दगड घडवणं महाग पडतं. हे एका अर्थी टाकीतच दिसून आलं. अमेरिकेत ॲरिझोनाच्या वाळवंटात बायोस्फिअर २ नावाच्या काचेच्या इमारतीत सुमारे २६ लाख लिटरचा कृत्रिम समुद्र होता. क्रिस लँग्डन आणि सहकाऱ्यांनी त्याचं रसायन बदलून मोजमाप केलं आणि २००० साली दाखवलं, की पाण्याची कॅल्शियम कार्बोनेटची संपृक्तता उतरली की प्रवाळांची सांगाडा बांधण्याची गतीही उतरते.

लक्षद्वीपला घडलं ते मात्र मुख्यतः उष्णतेमुळे. माझ्या टाकीतली प्रवाळं तेव्हा जगली याचं कारण विजेवर चालणारा चिलर आणि मोजून घातलेला सोडा. दोनशे लिटरसाठी एवढं करता येतं. त्यावरून 'समुद्रातलं गेलं तरी टाक्यांमध्ये जपू' असं कोणी म्हणालं तर मी ठामपणे नाही म्हणेन. एका खडकावरच्या हजारो जीवांचं एकमेकांशी असलेलं नातं काचेत मावत नाही.

हे सगळं कायदेशीर आहे का?

हे विकत घ्यायच्या आधी विचारायचं असतं. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत, म्हणजे जिथे वाघ आहे तिथेच, दगडी सांगाड्याची सगळी प्रवाळं, काळं प्रवाळ, ऑर्गन पाइप प्रवाळ, फायर कोरल आणि समुद्रपंखे आहेत. हे संरक्षण २००१ मध्ये मिळालं. द्वारकेहून खिशात आणलेला मेलेला तुकडासुद्धा यात येतो. परदेशी जातींसाठी आंतरराष्ट्रीय करार आहे, आणि २०२२ च्या दुरुस्तीनंतर त्या करारातल्या जिवंत प्राण्यांची सरकारदरबारी नोंद करावी लागते. दुकानदार 'काही होत नाही' म्हणाला तरी बिल आणि कागद मागावेत, शंका असेल तर वनखात्याला लेखी विचारावं. माझ्या टाकीत सांगाडा नसलेली मऊ प्रवाळं आहेत. त्यांचा कॅल्शियमचा खर्च कमी, पण खडकांवर गुलाबी चुनखडी शैवाल वाढतं, आणि तेही याच हिशेबाने माल उचलतं.

दगड घडवणारी प्रवाळं पाहायची तर गुजरातेतच सोय आहे. जामनगरकडचं सागरी राष्ट्रीय उद्यान १९८२ मध्ये घोषित झालं, देशातलं पहिलं. त्याच्याच पुढे मिठापूरजवळ जानेवारी २०२० मध्ये भारतीय प्राणी सर्वेक्षण संस्थेने वनखात्याबरोबर समुद्रात लोखंडी सांगाडे उतरवून, त्यातून सौम्य वीजप्रवाह सोडून त्यांच्यावर समुद्रातलंच कॅल्शियम कार्बोनेट बसवण्याचा आणि वर प्रवाळाचे तुकडे लावण्याचा प्रयोग सुरू केला. उद्यानातल्या नरारा इथे ओहोटीला पाणी मागे हटतं तेव्हा चालत जाऊन प्रवाळं बघता येतात. वनखात्याची परवानगी घ्यावी लागते. तारीख ठरवताना सुट्टी न बघता भरती-ओहोटीचं कोष्टक बघावं, अमावास्या किंवा पौर्णिमेच्या आसपास पाणी सगळ्यात दूर जातं. जुने रबरी तळाचे बूट घालावेत, वाटाड्याच्या मागोमाग चालावं, पाय वाळूवर टाकावा, खडकावर नाही.